सहा महिन्यांचा तारा

आमच्या अभ्यासवर्गात मागे ‘इतिहासाची साधने’ या विषयावर बराच खल झाला होता. ताम्रपट, शिलालेख, बखरी, दप्तरे, नाणी अशी नेहमीची यादी झाली. तेव्हा एका सभासदाने विचारले की, ज्या घटनेचे साधन डोळ्यांदेखत विरून जाते, तिचा इतिहास लिहावयाचा कसा? ताम्रपट आज वाचता आला नाही तर उद्या वाचता येतो. पण जी गोष्ट रोज थोडीथोडी मालवत असते, तिची नोंद त्या त्या रात्री झाली नाही तर ती कायमची गेली. त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे खगोलशास्त्राच्या इतिहासाचे वाचन करीत असता १८८५ साली देवयानीत दिसलेल्या एका ताऱ्याची हकीकत हाती आली, आणि तो प्रश्न पुन्हा आठवला.

फ्रान्समधील रूआं शहरी १७ ऑगस्ट १८८५ च्या रात्री लुडोविक गुली नावाचे एक गृहस्थ जमलेल्या लोकांना आकाश दाखवीत होते. देवयानीतल्या प्रसिद्ध तेजोमेघाकडे दुर्बीण वळविली तेव्हा त्याच्या मध्याजवळ त्यांना एक ठळक बिंदू दिसला. तेथे असा बिंदू असण्याचे काही कारण नव्हते. गुलींनी दोष दुर्बिणीच्या माथी मारला आणि ते पुढच्या दर्शनाकडे वळले. एका ताऱ्याच्या मृत्यूची पहिली साक्ष अशी ‘काचेतला दोष’ म्हणून बाजूस पडली. गुलींना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. अनपेक्षित गोष्ट दिसली की प्रथम स्वतःच्या साधनावर शंका घ्यावी, हेच वेध घेणाऱ्याला शिकविलेले असते.

येथे नावांविषयी थोडे सांगितले पाहिजे. पाश्चात्त्य जिला अँड्रोमेडा म्हणतात तिला मराठी ज्योतिषग्रंथांनी देवयानी म्हटले आहे. आणि एकदा देवयानी आली म्हटल्यावर शेजारीपाजारी शर्मिष्ठा, ययाती व वृषपर्वा हे आलेच. एका ग्रीक कुटुंबाच्या जागी महाभारतातले एक कुटुंब बसविण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या रसिकतेला दाद द्यावी लागते. मार्गशीर्षातल्या अंधाऱ्या संध्याकाळी, गावाबाहेरच्या माळावरून, देवयानीतला तो तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनी पुसट डागासारखा दिसतो. शहरातल्या गच्चीवरून आता तो दिसत नाही. आम्ही पुष्कळदा प्रयत्न केला आहे. १८८५ साली तो ‘तेजोमेघ’च होता, म्हणजे वायूचे फिरते वस्त्र. त्यातून यथावकाश एखादी सूर्यमाला जन्मेल असे लाप्लासच्या मतावर विश्वास ठेवणारे पुष्कळजण मानीत. तो आपल्या आकाशगंगेसारखा स्वतंत्र ताऱ्यांचा समुदाय असेल, असे मानणारे अगदीच थोडे उरले होते.

गुलींनंतर तीन दिवसांनी, २० ऑगस्टला, डोर्पाट येथे एर्न्स्ट हार्टविग यांनी तोच बिंदू पाहिला. डोर्पाट म्हणजे आजच्या एस्टोनियातले टार्टू. फ्राउनहोफरने घडविलेली नऊ इंची भिंगाची दुर्बीण आणि तिच्यावर स्ट्रूव्हे यांनी घेतलेले जोडताऱ्यांचे वेध यांमुळे तेथील वेधशाळेचे नाव युरोपभर झालेले होते. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आणि रस्त्यावरचे पंचांग बारा दिवसांनी मागे चालत होते. वेधशाळेच्या वहीत मात्र तारीख युरोपची. आपल्याकडे तो शके १८०७ चा श्रावण शुद्ध पक्ष होता आणि नारळी पौर्णिमा चारपाच दिवसांवर आली होती. पावसाळी ढगांमुळे महाराष्ट्रात कोणास काही दिसण्याचा फारसा संभव नव्हता. डोर्पाटला ढग नव्हते, पण चंद्र होता, आणि सारा घोटाळा चंद्राने केला.

हार्टविगांना आपण काही तरी विलक्षण पाहिले याची खात्री होती. जुन्या वर्णनांत आणि चित्रांत त्या जागी असा तारा नव्हता. परंतु वेधशाळेच्या संचालकांचे म्हणणे असे की, चांदण्यात तेजोमेघाचा विस्तार पुसला जाऊन त्याचा गाभा ताऱ्यासारखा टोकदार दिसू शकतो. तेव्हा निष्चंद्र आकाशात पुन्हा पाहिल्यावाचून तार करू नये. पौर्णिमा झाली, चंद्र उशिरा उगवू लागला, खात्री पटली, आणि ३१ ऑगस्टला तार गेली. मग मात्र युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक दुर्बिणी देवयानीकडे वळल्या. मागाहून कळले की, १९ ऑगस्टला बेलफास्टच्या आयझॅक वॉर्ड यांनी तो पाहिल्याचे सांगितले होते आणि २२ तारखेस हंगेरीत बॅरोनेस पोडमानिट्स्की यांनीही आपल्या घरच्या दुर्बिणीतून तो पाहिला होता. त्यांच्याकडे त्या वेळी राडो कोवेश्लिगेती हे तरुण ज्योतिर्विद पाहुणे होते. हौशी मंडळींची नावे या हकीकतीत पुन्हा पुन्हा येतात हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

त्या अकरा दिवसांबद्दल संचालकांना दोष द्यावा काय? आमच्यात याविषयी दोन मते पडली. एक पक्ष म्हणाला, खोटी तार एकदा गेली की वेधशाळेच्या शब्दाला किंमत राहत नाही. संचालक शंभर वेळा असेच वागले तर नव्व्याण्णव वेळा ते बरोबर ठरतील. दुसरा पक्ष म्हणाला, हा शंभरावा प्रसंग होता. तारा २१ ऑगस्टच्या सुमारास सर्वांत तेजस्वी होता. म्हणजे ज्या काळात तो चढला, शिखरावर पोहोचला आणि उतरू लागला, त्याच काळात जगातल्या मोठ्या दुर्बिणींना त्याची वार्ता नव्हती. तार पोहोचली ती उतरणीवर. आज त्या चढणीविषयी आणि शिखराविषयी जे तुटपुंजे हाती आहे ते योगायोगाने पाहणाऱ्यांनी दिलेले आहे. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. खात्री होण्यापूर्वीच ‘शंकास्पद, परंतु पाहावे’ असे कळविण्याची सोय त्या काळी नव्हती, आणि ती नसण्याची किंमत या ताऱ्याने मोजली.

आता तेज मोजण्याविषयी. पहिल्या प्रतीचा तारा, दुसऱ्या प्रतीचा तारा ही भाषा ग्रीकांइतकी जुनी. पण एका प्रतीत आणि पुढच्या प्रतीत नेमका फरक किती, हे १८५६ साली नॉर्मन पॉगसन यांनी बांधून दिले. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट. अर्थात एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट. हे पॉगसन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत सरकारी ज्योतिर्विद म्हणून आले आणि १८९१ साली मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. देवयानीतला तारा मालवत असता ज्यांच्या मापाने जग तो मोजीत होते ते गृहस्थ मद्रासेत बसलेले होते. त्यांचे प्रथम साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली जालक तारकासमूहातला एक रूपविकारी तारा शोधला होता. तेव्हा ताऱ्यांच्या कमीजास्त होणाऱ्या तेजाचा माग ठेवणे ही काही केवळ परदेशाची विद्या नव्हती. पुण्यात मात्र त्या वर्षी मोठी दुर्बीण नव्हती. भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून कावसजी नायगमवाला यांनी विज्ञान महाविद्यालयात उभारलेली वेधशाळा १८८८ ची. देवयानीतला पाहुणा तोवर केव्हाच दिसेनासा झाला होता.

माप ठरले होते, पण मोजणारे यंत्र म्हणजे डोळाच. पद्धत आर्गेलांडर यांनी घालून दिलेली : अनोळखी ताऱ्याजवळचे दोन ओळखीचे तारे घ्यावयाचे, एक त्याहून किंचित ठळक, एक किंचित मंद, आणि अनोळखी तारा त्या दोहोंमध्ये कोठे बसतो हे ‘पायऱ्यां’नी लिहावयाचे. साध्या काळोख्या आकाशात सरावलेला डोळा एका प्रतीच्या दशांशापर्यंत बरोबर सांगतो. आमच्यातील एका सभासदाने चाळीस वर्षे हा छंद केला आहे. ते म्हणतात, कठीण असते ते तारा पाहणे नव्हे, काल काय लिहिले ते विसरून पाहणे. काल सात लिहिले असेल तर आज डोळा सव्वासातच शोधतो.

देवयानीत अडचण याहून मोठी होती. हा तारा तेजोमेघाच्या गाभ्यापासून अवघ्या १६ विकलांवर होता. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सुमारे १८०० विकला रुंद दिसतो, यावरून ते अंतर किती लहान हे समजावे. उजळ पार्श्वभूमीवरच्या दिव्याचे तेज ठरवावे तसे हे काम. लहान दुर्बिणीत तारा आणि गाभा एकमेकांत मिसळत, म्हणून तारा आहे त्याहून तेजस्वी वाटे. मोठ्या दुर्बिणीत आणि अधिक वर्धनात तो वेगळा सुटून दिसे, आणि मंद वाटे. तुलनेचे तारे काळ्या आकाशात, हा मात्र धुक्यात. शिवाय त्या तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रतीही निरनिराळ्या याद्यांत निरनिराळ्या. परिणामी एकाच रात्री दोन अनुभवी माणसे एक प्रत किंवा त्याहून अधिक फरकाने आकडे लिहीत. छायाचित्राचा आधार नव्हता. देवयानीच्या तेजोमेघाची सर्पिल घडण उघड करणारे आयझॅक रॉबर्ट्स यांचे छायाचित्र १८८८ चे. सारी साक्ष डोळ्यांची, आणि साक्षीदार परस्परांशी न जुळणारे.

तरीही वह्या भरत गेल्या. शिखराची प्रत ५.८५ च्या आसपास, म्हणजे तीक्ष्ण नजरेला नुसत्या डोळ्यांनी दिसण्याच्या सीमेवर. सप्टेंबरात तो दुर्बिणीचा विषय झाला, पुढे मोठ्या दुर्बिणीचा. वर्णपटाकडे हगिन्स, फोगेल, माँडर यांच्यासारख्यांनी लक्ष दिले. नेहमीच्या नवताऱ्यात चमकणाऱ्या उजळ रेषा ठळक दिसाव्यात, तर येथे पट जवळपास सलग. कोणास मधूनच उजळ पट्टे असल्याचा भास. रंगही पांढरा नव्हे, पिवळट-तांबूस. ज्यांनी ज्यांनी हे लिहून ठेवले त्यांस त्याचा अर्थ लागला नाही, पण लिहिले. फेब्रुवारी १८८६ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत, १८७७ साली मंगळाचे चंद्र ज्या २६ इंची दुर्बिणीतून सापडले तिच्यातूनच, असाफ हॉल यांनी तो शेवटचा पाहिला. तेव्हा तो चौदाव्या प्रतीच्या जवळ उतरला होता. पॉगसनच्या हिशोबाने सहा महिन्यांत तेज सुमारे अठराशे पटींनी घटले.

येथपर्यंतची कथा निष्ठेची आहे, पुढची गैरसमजाची. आणि इतिहासाच्या वाचकाला खरा रस तीतच आहे.

आकडे जमले होते, पण त्यांचा अर्थ अंतरावर अवलंबून होता. तेजोमेघ जवळ असेल तर हा साधा नवतारा; आणि तो स्वतंत्र ‘विश्वद्वीप’ असेल, तर या एका ताऱ्याचे तेज कोट्यवधी सूर्यांइतके मानावे लागेल. त्या काळी हे दुसरे विधान उच्चारणे म्हणजे ते खोडणेच होते. अठराव्या शतकात कांटने मांडलेली विश्वद्वीपांची कल्पना आधीच मागे पडलेली; या ताऱ्याने तिच्यावर शेवटची माती लोटली असे पुष्कळांस वाटले. १९११ साली फ्रँक व्हेरी यांनी हा तारा ययातीत १९०१ साली प्रकटलेल्या नवताऱ्यासारखाच आहे असे धरून देवयानीचे अंतर काढले, ते आले काही हजार प्रकाशवर्षे. गणितात चूक नव्हती. धरलेले खोटे होते.

१९१७ पासून माउंट विल्सनला आणि अन्यत्र सर्पिल तेजोमेघांत आणखी नवतारे सापडू लागले, आणि ते १८८५ च्या मानाने फारच मंद निघाले. हेबर कर्टिस यांना वाटले की नवताऱ्यांच्या दोन जाती असाव्यात, आणि १८८५ चा पाहुणा अपवादात्मक जातीचा. हार्लो शॅप्ली यांना हे पटले नाही. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये या दोघांचा जो प्रसिद्ध सामना झाला त्यात देवयानीतल्या या ताऱ्याची साक्ष शॅप्ली यांच्या बाजूने होती. एक निवांत मालवून गेलेला बिंदू पस्तीस वर्षांनी पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याची साक्ष खरी असूनही तिचा अर्थ उलटा लावला गेला. आम्हांस या प्रसंगी शॅप्ली यांच्याविषयी सहानुभूती वाटते. कोट्यवधी सूर्यांइतका एक तारा मानण्यापेक्षा तेजोमेघ जवळ मानणे कोणाही समंजस माणसाला सोपे गेले असते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीत एक वृषपर्वा प्रकारचा रूपविकारी तारा सापडला. अशा ताऱ्याचे तेज किती दिवसांनी कमीजास्त होते यावरून त्याचे खरे तेज समजते, आणि खऱ्या तेजावरून अंतर. हबल यांचा निष्कर्ष १९२५ च्या पहिल्या दिवशी जाहीर झाला : अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. पुढे तेही अपुरे ठरले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. वाद मिटला, पण १८८५ च्या ताऱ्याचा प्रश्न अधिकच बिकट झाला, कारण आता त्याचे तेज खरोखरच अब्जावधी सूर्यांच्या घरात गेले. १९३४ मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी अशा ताऱ्यांना वेगळे नाव दिले, ज्याला आपण अतिनवतारा म्हणतो. हार्टविग यांना यातले काही कळले नाही. ते डोर्पाटहून बांबेर्गच्या नव्या वेधशाळेचे संचालक म्हणून गेले, आयुष्यभर रूपविकारी तारे पाहिले, त्यांची मोठी सूची सिद्ध करण्यात वाटा उचलला, आणि मे १९२३ मध्ये, हबल यांच्या शोधाच्या पाच महिने आधी, निवर्तले.

जुन्या वह्या मात्र संपल्या नव्हत्या. घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९८५ साली, टेक्सासमधील जेरार द व्होकुलर आणि हॅरल्ड कॉर्विन यांनी हाती येतील तितके सर्व वेध एकत्र केले. हे काम एखाद्या दप्तराच्या संशोधनासारखेच आहे. कोणाची दुर्बीण किती इंची, तुलनेला कोणते तारे घेतले, त्या ताऱ्यांच्या खऱ्या प्रती आज काय ठरतात, तारीख मध्यरात्रीपासून मोजली की तत्कालीन ज्योतिर्विदांच्या रिवाजाप्रमाणे दुपारपासून, हे एकेक तपासून प्रत्येक आकडा दुरुस्त करावयाचा. बखरकाराचा पक्षपात वजा करून प्रसंग उभा करतात तसे येथे निरीक्षकाचा डोळा वजा करून प्रकाशवक्र उभा केला. जे आकडे परस्परांस खोटे पाडीत होते ते बऱ्याच अंशी एका रेषेवर आले.

ती रेषा पाहिल्यावर नवे कोडे निघाले. या जातीचे अतिनवतारे, ज्यात श्वेतबटू ताऱ्याचा संपूर्ण स्फोट होतो, ठरावीक चालीने मालवतात. स्फोटात निकेलचे किरणोत्सर्गी अणू निर्माण होतात. त्यांचे अर्धायुष्य सहा दिवसांचे. त्यांपासून कोबाल्ट, त्याचे ७७ दिवसांचे, आणि शेवटी लोखंड. ताऱ्याचे मावळते तेज म्हणजे या अणूंचे संपत जाणारे धन. नेहमीचा तारा शिखरानंतरच्या पंधरवड्यात निळ्या प्रकाशात सुमारे एक प्रत उतरतो. १८८५ चा तारा दोन प्रतींहून अधिक उतरला. इतका घाईने जाणारा का? स्फोटातून बाहेर पडलेले द्रव्य कमी असावे, म्हणून आतली उष्णता कोंडून न राहता लवकर निसटली, असा तर्क आहे. त्याच्यासारखे थोडे तारे पुढे सापडले, परंतु त्याची जात अद्याप पूर्णपणे ठरलेली नाही. देवयानीत त्यानंतर दुसरा अतिनवतारा दिसलेला नाही. तेव्हा आजचा प्रश्न सोडविण्यासाठी पुन्हा त्याच वह्या उघडाव्या लागतात. आणि ज्यांनी ‘तांबूस’, ‘पट सलग’ असे दोन शब्द अर्थ न कळता लिहून ठेवले, त्यांचे ते शब्द पुरावा ठरतात.

आता अशा घटनेची वार्ता पोहोचायला अकरा दिवस लागत नाहीत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी (गुलींची तीच तारीख, एकशे बत्तीस वर्षांनी) दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची गुरुत्वलहर आली आणि अकरा तासांच्या आत चिलीतल्या एका मीटरच्या दुर्बिणीने तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत तिचा प्रकाश टिपला. तो तर १८८५ च्या ताऱ्याहून कितीतरी घाईचा : निळा प्रकाश काही दिवसांत गेला, मागे तांबडी धग राहिली. त्या घटनेच्या रेडिओ लहरींचे वेध नारायणगावजवळच्या महाकाय दुर्बिणीनेही घेतले. लडाखात हानले येथे २०१८ पासून मुंबईच्या आयआयटीने आणि बंगळूरच्या खगोलभौतिकी संस्थेने चालविलेली छोटी दुर्बीण तर अशाच झटपट मालवणाऱ्या दिव्यांच्या मागे असते. आणि ज्या मराठवाड्याशी हैदराबादेतील मराठी माणसाचे जुने नाते, तेथे औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

राहिली ती ताऱ्याची जागा. शंभर वर्षे तेथे कोणास काही सापडले नाही. गाभ्याच्या झगमगाटात अवशेषाची मंद धग दिसणे शक्यच नव्हते. १९८८ मध्ये अॅरिझोनातल्या किट पीक येथील चार मीटरच्या दुर्बिणीतून रॉबर्ट फेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधाची रीत उलटी केली. उजेड शोधण्याऐवजी त्यांनी अंधार शोधला : मागच्या ताऱ्यांचा जो प्रकाश लोखंडाची वाफ शोषून घेते, नेमक्या त्या रंगात गाभ्याचे चित्र घेतले. गाभ्यापासून १६ विकलांवर, हार्टविगांनी सांगितलेल्या जागी, एक लहानसा काळा ठिपका निघाला. पुढे हबल अवकाश दुर्बिणीने तोच ठिपका चुन्याच्या धातूच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, रंगात अधिक स्पष्ट टिपला. सेकंदाला दहा हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने पसरत चाललेला तो ढग अजूनही थंड आहे आणि दरसाल किंचित मोठा होतो आहे.